मेलेसिओचं दुकान होतं तिथून

मानाग्वा शहरात माझं घर कुठे असं कुणी विचारलं, तर मी सांगतो: मेलेसिओ न्हाव्याचं दुकान होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, मग पन्नास वार वर. वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे. आमच्याकडे रस्त्यांच्या नावांना आणि घरांच्या आकड्यांना कुणी विचारत नाही. एखादी ठळक जागा धरायची आणि तिथून मोजत सुटायचं, ही पणजोबांपासूनची रीत. बहात्तर साली नाताळच्या तोंडावर भूकंप झाला, त्यानं असल्या सगळ्या ठळक जागा मिनिटाभरात आडव्या केल्या. उरलंसुरलं आगीनं खाल्लं. माणसं किती गेली त्याचा धड हिशेब कधी लागलाच नाही. पत्ता मात्र एकही गेला नाही.

मेलेसिओकाका आणि न्युबिआकाकू वाचले, कारण त्या रात्री ती दोघं मसाया गावी काकूच्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. परत येऊन बघतात तर दुकानाच्या जागी विटांचा ढीग, आणि ढिगाच्या टोकावर भिंतीतला आरसा, साबूत. काकानं त्यात बघून केस सारखे केले.

"मेल्या, दुकान गेलं आणि भांग काय पाडतोयस?" काकू रडता रडता ओरडली.

"गिऱ्हाईक बघतंय," काका म्हणाला. गिऱ्हाईक म्हणजे शेजारचा एकजण. तो ढिगाऱ्यात स्वतःची दुसरी चप्पल शोधत होता.

पुढं सरकारनं शहराच्या मधल्या, पडलेल्या भागाभोवती काटेरी तार ओढली. आत गवत माजलं, गवतात गाई चरायला लागल्या. काकाची जागा तारेच्या जेमतेम बाहेर होती, पण तिथं राहिलं होतं कोण? लोक पार लांब, डोंगराच्या अंगाला पांगले. काकानंही तिकडंच नवं दुकान काढलं. सिमेंटची जमीन, डोक्यावर पत्रा, पंखा. खुर्ची जुनीच, ढिगाऱ्यातून उकरलेली. काकूनं दारात फुलझाडाचा डबा ठेवला.

एक माणूस फिरकला नाही.

"लोकांना पत्ता काय सांगतोस रे तू?" काकूनं शेवटी विचारलं.

"काय सांगणार? माझं जुनं दुकान होतं तिथून अठरा चौक डोंगराकडे."

"अरे देवा! दुसरं काही धरून सांग की."

"काय धरू? चर्च पडलं. थेटर पडलं. बर्फाचा कारखाना पडला."

"हे शेजारचं औषधाचं दुकान आहे ना, धडधाकट!"

"ते उद्या पडलं म्हणजे?" काका म्हणाला. "न्युबिआ, जे पडलंय तेच धरावं. पडलेलं पुन्हा पडत नाही."

काकूनं कपाळावर हात मारला आणि दारातल्या फुलझाडाला पाणी घातलं. तसं शहरात सगळ्यांचंच हे म्हणणं होतं.

एका रविवारी काका सहज जुन्या जागेकडे गेला, तर तिथं चिलामाते नावाच्या डेरेदार झाडाखाली सात-आठ माणसं बसलेली. सगळ्यांचे केस मानेवर आलेले. पत्त्याप्रमाणं अठरा चौक मोजायला म्हणून लोक आधी इथं यायचे, उन्हानं थकायचे, ओळखीचं कुणी दिसलं की बसायचे, आणि गप्पा संपल्या की घरी जायचे. एक बाई तर त्यांना पिनोलचे, म्हणजे भाजक्या मक्याच्या सरबताचे, पेले विकायला लागली होती. काका दिसल्यावर सगळे एकदम म्हणाले, "किती उशीर, मेलेसिओ!"

दुसऱ्याच दिवशी खुर्ची ढकलगाडीवर चढली. आरसा झाडाला टांगला.

आणि उघड्यावर असलं, तरी दुकान ते दुकान. दार रस्त्याच्या अंगाला, खिडकी तळ्याच्या अंगाला, हे सगळ्यांना पाठ. एकदा एक नवखा गडी झाडामागून थेट खुर्चीपाशी आला, तर रांगेतले लोक खेकसले, "भिंतीतून काय येतोस? दार दिसत नाही?" बिचारा वळसा घालून गेला आणि दाराशी पाय पुसून आत आला. धरणीचा हादरा तर आमच्याकडे नेहमीचाच. हादरा बसला की काकाची गिऱ्हाइकं जीव खाऊन दारातून बाहेर पळायची आणि रस्त्यावर उभी राहून जिथं दुकान नव्हतं तिकडे बघायची. पडलं नाही असं दिसलं की पुन्हा आत. माझे केस मी पोरगा असल्यापासून त्यानंच कापले, मीही पळालोय. अर्धी दाढी साबणात.

अशी कैक वर्षं गेली. लढाई झाली, सरकारं बदलली, तार निघाली. आमच्यासारखे लोक पुन्हा आसपास राहायला आले आणि सगळ्यांनी आपापले पत्ते काकाच्या नसलेल्या दुकानापासून मोजले. काकूचे गुडघे तेवढे धरले. पावसाळ्यात ती प्लास्टिक पांघरून केस झाडायची.

"मला छप्पर पाहिजे," एक दिवस ती म्हणाली. "मरायच्या आधी एकदा कोरड्या जमिनीवर झाडू मारायचाय मला. फार नाही मागत."

तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. काकानं विटा आणल्या.

भिंत कमरेएवढी झाली तशी शिंपीण पेत्रोना कमरेवर हात ठेवून येऊन उभी राहिली. मागं अर्धी गल्ली.

"हे काय चाललंय, मेलेसिओकाका?"

"दुकान बांधतोय."

"आणि आम्ही कुठं जायचं?"

"तुम्हाला कोण हलवतंय?"

"तुम्हीच की! लेओनहून बाई झगा शिवायला येते, ती मोकळी जागा शोधत येते. मोकळी जागा दिसली की तिथून तीन चौक मोजते. तिला दुकान दिसलं तर ती पुढं जाईल ना, मोकळी जागा शोधत! थेट तळ्यात जाईल!"

"माझ्या बायकोला छप्पर पाहिजे."

"द्या की. दुसरीकडं द्या. असं भर पत्त्यात कुणी बांधतं का?"

काका हट्टी. त्यानं बांधलं. चार भिंती, दार जिथल्या तिथं, खिडकी तळ्याकडे, वर पत्रे. काकूनं त्या दिवशी जमीन तीनदा झाडली. झाडायला काही नव्हतं तरी.

आणि पेत्रोना म्हणाली तसंच झालं. माणसं यायची, दुकानासमोर थांबायची, मान खाजवायची आणि पुढं जायची. काका दारातून हाका मारायचा, "अहो, मीच तो! इथंच!" तर ती म्हणायची, "काका, थट्टा नको, आम्हाला तुमचं दुकान होतं तिथं जायचंय." टपालवाल्यानं गल्लीभराची पत्रं पेट्रोल पंपावर टाकून दिली. पेत्रोनाचे झगे बंद पडले. पिनोलवाली बाई कुठल्यातरी भलत्याच मोकळ्या जागेवर जाऊन बसली आणि गिऱ्हाइकं तिच्यामागं गेली. तिथं म्हणे एक परका न्हावी यायला लागला होता.

एके दुपारी हादरा बसला. काका दारातून बाहेर पळाला, मागून काकू. रस्त्यात दोघंच. दुकान जागच्या जागी.

"पडलं नाही," काका म्हणाला. तोंड असं, की कुणी गेलंय.

काकूनं त्याच्याकडे बघितलं. मग दुकानाकडे. गुडघ्यावर हात टेकत ती आत गेली आणि हातोडा घेऊन बाहेर आली.

"घे."

"आणि तुझं छप्पर?"

"कोरड्या जमिनीवर एकटीनं बसून काय करू? माशा मोजू? घे म्हणते ना!"

दोन दिवस ठोकाठोक चालली. हादऱ्याला पाडता आलं नाही ते काकानं एकट्यानं पाडलं. पत्रा एकच ठेवला, काकूच्या स्टुलावर येईल असा, झाडाच्या फांदीला तारेनं बांधून. पेत्रोनानं येऊन तो नीट पाहिला, लांबून पाहिला, रस्त्याच्या पलीकडून पाहिला. "एवढ्याला काही दुकान म्हणत नाहीत," तिनं निकाल दिला.

तिसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, केस खांद्यावर लोंबत होते.

"कुठं होतात इतके दिवस, काका?"

"इथंच होतो."

"इथं कसं? इथं तर कुणाचं तरी दुकान होतं."

काका खुर्ची पुसत राहिला. त्या माणसानं सरळ खुर्चीकडे पाय टाकला, तशी पत्र्याखालून काकूनं झाडू उगारला.

"तिथून नाही, मुडद्या! दारातून ये!"