अकरावी पेटी

रोज सकाळी चहा गॅसवर ठेवला की तो उकळेपर्यंतच्या वेळात ती पहिल्या पेटीसमोर उभी राही, काचेजवळ तोंड नेऊन हलकेच 'हा' करी आणि उमटलेला धुक्याचा गोल विरायच्या आत मऊ सुती कापडानं पुसून टाकी. मग दुसरी पेटी, मग तिसरी. पाण्यानं काचेवर ओघळ राहतात, बाजारच्या फवाऱ्यानं कडांचं पॉलिश जातं. म्हणून स्वतःचा श्वास. पाचव्या पेटीशी चहा उकळे. ती आत जाऊन गॅस बारीक करी आणि उरलेल्या सहा पेट्यांसाठी परत येई. पलंगावर जागा असलेल्या नवऱ्याला तिच्या पावलांवरून कळे, की चहाला अजून किती वेळ आहे. या क्रमात खंड पडला तो दोनदाच, बाळंतपणात आणि वडील गेले तेव्हा. पण तेव्हा पेट्या चारच होत्या.

पेट्यांतली जहाजं नवऱ्याची. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. बस जरा जोरात वळली की त्याला मळमळे, खिडकीची जागा मिळाली नाही तर तो पुढच्या बसची वाट पाही. आणि तरीही, किंवा म्हणूनच, शेजारी त्याला कप्तान म्हणत. तिला काचवाली. तिच्या वडिलांचं तस्बिरींना काचा बसवायचं दुकान होतं आणि चौदाव्या वर्षी तिच्या हाती काच कापायचा हिरा आला होता. वडील म्हणत, "हिरा एकदाच फिरवायचा. पहिल्या रेघेवर भरवसा नसेल तर काच हातात घेऊच नकोस." तिनं आयुष्यात कधी दुसऱ्यांदा फिरवला नव्हता. लग्नात तिनं सोबत काय आणलं असं कुणी विचारलं तर कप्तान म्हणे, "एक हिरा. पण बोटात घालण्यासारखा नाही, लाकडी मुठीचा."

पहिलं जहाज दोन डोलकाठ्यांचं होतं. ते त्यानं कपाटावर ठेवलं. महिन्याभरात धूळ बसली म्हणून फुंकर मारली आणि तीन दोर तुटले. दोन दिवस तो ते तुटके दोर पुढ्यात घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी ती बाजारातून लाकडी पट्ट्या घेऊन आली. आधी बैठक केली. पुठ्ठ्याचा तुकडा जहाजाच्या पोटाला लावायचा, मध्ये उजेड दिसला की जिथे टेकतो तिथे किंचित कातरायचा, परत लावायचा. असं करत करत उजेडाची शेवटची रेघ गेली की तोच बाक लाकडात उतरवायचा. मग पाच काचा, कडांना पट्ट्या. सगळे सांधे तिनं सीलंट भरून बंद केले.

"हवासुद्धा जाता कामा नये," तो म्हणाला होता.

"हवा काय, तुमचा शब्दही जायचा नाही," ती म्हणाली. तेव्हा ती असं बोलत असे.

आणि खरंच गेली नाही. पुढे एका प्रदर्शनात एक गृहस्थ जहाज जवळून पाहायला वाकले आणि काच दिसलीच नाही म्हणून नाक आपटून घेतलं. जहाजाला त्या वर्षी बक्षीस मिळालं. तिनं ते नाक आपलं बक्षीस म्हणून मनात ठेवलं.

जहाजं वाढली तशा खोल्या आखडल्या. सातवी पेटी पॅसेजमध्ये आली तेव्हापासून तिथून आडवं होऊन जावं लागे. नववीनं अर्धी खिडकी घेतली. दहावीपाशी मुलीचं टेबल होतं. मुलगी नोकरीला दुसरीकडे गेली आणि टेबलाच्या जागी अकरावी पेटी यायला आठवडाही लागला नाही. सुट्टीत आली की मुलगी दारातच बॅग डोक्यावर घेई. "आई, आपल्या घरात राहायचं म्हणजे शिडं उतरवून राहावं लागतं," ती म्हणे. आई हसे. कोपर काचेला लागू नये म्हणून अंगासरशी धरायची तिला इतकी सवय झाली होती, की रस्त्यातसुद्धा ती तशीच चाले.

मग एका सकाळी सहाव्या पेटीवरचं धुकं पुसताना तिला आत काहीतरी पांढरं दिसलं. नांगरांवर पिठी बसावी तसं. तिला वाटलं धूळच, आणि ती मनातून चरकली. तिच्या सांध्यातून धूळ? चार दिवसांत तोफांवरही पिठी आली. एक नांगर आपोआप तुटून डेकवर पडला.

कप्ताननं संग्रहालयात जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. ते आले, आडवे होत पॅसेजमधून शिरले, पेटीभोवती फिरले. तिनं सांधा कापून काच उचलली तेव्हा आतून आंबट वास आला. त्यांनी तो हुंगला आणि जहाजाऐवजी सांधाच न्याहाळत बसले.

"हे कुणी केलं?"

"हिनं," कप्तान म्हणाला. "म्हणजे सांगितलं मी, केलं हिनं."

"फार चांगलं केलंय. जरा वाईट केलं असतं तर जहाज वाचलं असतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सीलंटची आणि प्लायची आंबट वाफ आतच कोंडते. बाहेर पडायला वाट नसली, की ती शिशाला धरते. नांगर, तोफा, कप्प्या, जे जे शिशाचं ते सगळं हळूहळू पीठ होतं. पेटीच्या तळाला दोन भोकं हवीत, त्यांवर बारीक जाळीचं कापड.

"म्हणजे अकराच्या अकरा?" कप्ताननं विचारलं.

"सगळ्या याच हातच्या असतील, तर अकराच्या अकरा."

इतकी वर्षं ज्याचा तिला आतून ताठा होता, तेच आत बसून जहाजं खात होतं.

जाताना दारात पायताण चढवत दुरुस्तीवाले तिला म्हणाले, "बुधवारी आमच्याकडे पेट्यांचं काम असतं आणि असा हात मला मिळत नाही. येत जाल का?"

कप्तान हसला. "ही? हिला रस्ता ओलांडायचा तर माझं बोट धरावं लागतं."

तोच रस्ता ती तीस वर्षं काचा काखेत मारून ओलांडत आली होती. तिनं फक्त पदर सारखा केला.

"आधी घरचं होऊ दे," तो नंतर म्हणाला. "मग जा की. मी कधी अडवलंय?" त्यानं खरंच कधी अडवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

तरी एका बुधवारी ती जाऊन आली. लांबच लांब टेबल, आणि त्याच्या पूर्ण लांबीची खिडकी. खिडकीपुढे काहीही ठेवलेलं नव्हतं. ती तिथे काच कापायला उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं, की आपली कोपरं बाहेर आली आहेत. दुरुस्तीवाल्यांनी भिंतीवरची एक रिकामी खुंटी दाखवली. "ही तुमची धरा." ती घरी आली तेव्हा कप्तान चौथ्या पेटीसमोर बसला होता. "बघ, हिलाही लागण झाली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून सांगितलं: घरच्या पेट्या पुऱ्या करते, मग येते.

"खुंटी आहे," ते म्हणाले.

एका पेटीला चार-पाच महिने लागत. जुना सांधा न तडकवता काढायचा, जहाज उचलायचं, नवं लाकड, नव्या काचा, तळाला दोन भोकं. कप्तान सवयीनं त्या भोकांवर चिकटपट्टी लावी, धुळीची धास्ती. ती सकाळच्या फेरीत काढून टाकी. दर बुधवारी सकाळी संग्रहालयाला निघण्याआधी दुरुस्तीवाले फोन करत, मग महिन्यातून एका बुधवारी, मग कधीमधी. सहावी झाली, चौथी झाली, नववी काढताना काही दिवस खिडकी पूर्ण उघडी राहिली आणि मग परत अर्धी झाली. अशी चार वर्षं गेली. दहा पेट्या झाल्या. उरलं पहिलंच, दोन डोलकाठ्यांचं.

त्याच्यासाठी काच कापताना तिचा हिरा मध्येच घसरला. रेघ तुटली. तिनं श्वास रोखला आणि हिरा दुसऱ्यांदा फिरवला. काच वाकडी गेली. तो तुकडा तिनं कुणाला दिसू न देता जिन्याखाली टाकला, दुसरी काच घेतली, नीट कापली. पाचही काचा कपड्यात गुंडाळून चपलांच्या फळीमागे उभ्या केल्या. आणि मग तिचं काम चालेनासं झालं. एकच पट्टी ती दिवसदिवस पॉलिशपेपरनं घासत बसे. लांब टेबल डोळ्यांपुढे आलं, की त्या टेबलावरचा आपला हातही येई, आणि तो हात आता पहिल्या रेघेत कापणारा नव्हता.

"अजून किती?" कप्तान विचारे.

"सरस सुकतोय," ती म्हणे.

तीन आठवडे झाले होते. त्या बुधवारी ती तिसऱ्या पेटीशी होती आणि फोन वाजला. आतल्या पलंगावरून कप्तानला ती पॅसेजमध्ये आडवी होत गेल्याचं ऐकू आलं, तिचं एक वाक्य ऐकू आलं, मग फोन ठेवल्याचं. चौथ्या पेटीशी पावलं थांबली. मग तो गॅस बारीक होण्याची वाट पाहत पडून राहिला. चहा उकळला, उतू गेला, जळका वास आला. तो ओरडून उठला, "अगं, लक्ष कुठाय?" ती चौथ्या पेटीला टेकून बसली होती. कापड हातात होतं.

पुढे मुलगी आली, तिनं चपलांच्या फळीमागून काचा काढल्या, पाची मोजून पाहिल्या आणि वडिलांना विचारलं, आई शेवटचं काय बोलली. त्याला वाटलं, काहीतरी मोठं सांगावं. पण त्या सकाळी ती त्याच्याशी बोललीच नव्हती. जे बोलली ते फोनवर, रोजच्याच आवाजात:

"या बुधवारी जमायचं नाही हो, काच यायची आहे अजून."