कल्ले कशासाठी असतात

मासळीचा वास येणारी आठवण म्हटल्यावर खाडी, वादळ, उलटलेली होडी असं काहीतरी तुम्ही मनात धरलं असेल. सोडा ते. यात बुडालो फक्त मी, आणि तोही पनवेलच्या शाळेत, कोरड्या फरशीवर.

शास्त्रात मी एकदा नापास झालेलो. बाबांनी सांगून ठेवलेलं, सहामाहीत परत गटांगळी खाल्लीस की शाळा बंद. दिवाळीनंतर माझ्याबरोबर मिठागरावर, चिखल तुडवायला. त्यांच्या टाचा मी रोज बघत होतो. खाऱ्या पाण्याने फाटलेल्या. आई त्या भेगांत कोकमाचं तेल भरायची तेव्हा ते दात आवळून बसायचे.

लेखी परीक्षेत मी आपटलोच होतो. उरली तोंडी. तोंडी म्हणजे माझं राज्य, असं पोरांना वाटायचं. आगबोटीचा भोंगा, देवळातली घंटा, मास्तरांचं खाकरणं, सगळं मी हुबेहूब काढायचो. पण शास्त्राची नक्कल कशी करणार?

मास्तर खाकरले. "माशाच्या कल्ल्यांचं कार्य काय?"

कल्ले! मला उडीच मारावीशी वाटली. आई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की अंगठ्याने बोईटाचा गाल उचलून आतले लालभडक कल्ले दाखवायची. लाल असले की मासा ताजा. काळपट असले की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे.

"मासा ताजा की शिळा ते दाखवणं, सर," मी ठणकावून सांगितलं.

वर्ग खदखदला. मास्तर हसले नाहीत. "ते तुमच्या गिऱ्हाइकाला उपयोगी. माशाला त्याचं काय? खाडीत असताना तो कल्ल्यांनी काय करतो?"

माझ्या डोळ्यांसमोर फक्त पाटी. पाटीतला मासा काहीच करत नाही.

"बरं, हृदयाचं कार्य?"

ते तर तेव्हा कानातच वाजत होतं. "धडधडणं."

"अरे, तो त्याचा आवाज! आवाज होतो, पण आवाजासाठी ते नाही. ते थांबलं तर तुझं काय अडेल, ते सांग."

"सर, अजून एक विचारा. एकच. पाया पडतो."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि गुण लिहायला पेनचं टोपण काढलं. मला बाबांच्या टाचा दिसल्या. काय करावं सुचेना, म्हणून जे येत होतं तेच केलं. मी खाकरलो. अगदी त्यांच्यासारखा. वाटलं, हसतील, हात थांबेल.

कुणी हसलं नाही. हात थांबला नाही.

मी तसाच बाजारात गेलो. आईच्या पाटीत दोन बोईटं उरलेली. रडत रडत तिला सगळं सांगितलं, खाकरणं सोडून.

"मेल्या, कल्ले गिऱ्हाइकासाठी व्हय रं?" शेजारची बाई दचकून वळली, इतक्या मोठ्याने ती ओरडली. "पाण्यातून काढला की कल्ल्यांची कशी उघडझाप करतो, बघितला नाय कदी? दम घेतो तो त्यानी, दम! जाळ्यापाशी बसून काय बघत व्हतास इतकी वर्सं? नुसते तोंडाचे चाळे! आमी अडाणी, आमाला म्हाईत हाय, नि तुला शाळंत घातला तर तुला नाय? जा आता बापासंगं. टाचा फुटंस्तवर तुडव चिखल. नि इथं रडू नको, गिऱ्हाईक येतंय."