अर्धलीच्या तलवारी

बिरदेवांचा आवाज मला पाठ होता, पण त्यांचं तोंड मी कधी बघितलेलं नव्हतं. माझं कामच तसलं आहे. पुण्याची एक कंपनी मोबाइलवर ‘सात वेशी’ नावाचा एक खेळ चालवते. तो खेळणारी माणसं खेळाबद्दल जे काही बोलतात ते ऐकायचं आणि त्याच्या नोंदी करायच्या, एवढ्यासाठी मला ठेवलंय. हे मी जुळे सोलापुरात घरी बसून करते. आईला वाटतं मी दिवसभर शिव्या ऐकायचा पगार घेते. अगदीच खोटं नाही ते.

खेळ साधा आहे. पहिल्या वेशीबाहेर उभं राहायचं आणि लढत लढत सात वेशी ओलांडायच्या. सुरुवातीला हातात एक काठी मिळते. काठीनं कोल्हा मारला की दोन होन मिळतात. लोखंडी तलवार सहाशे होनांची. आणि पहिल्या वेशीवर जो दरोडेखोर उभा केलाय तो काठीवाल्याला तीन फटक्यांत लोळवतो. म्हणजे आधी तीनशे कोल्हे मारा, नाहीतर खरे पैसे भरून तलवार घ्या. कंपनीचं पोट ह्या ‘नाहीतर’वर चालतं. हे मी आधी कुणाला बोलत नव्हते, आता बोलते.

खेळात ‘तुमचं म्हणणं’ असं एक बटण आहे. दाबलं की एक मिनिट बोलता येतं. बहुतेक लोक त्या मिनिटात आमच्या आयाबहिणींची चौकशी करतात. बिरदेव मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, “नमस्कार. मी बिरदेव. गाव सांगोल्याकडं, कामाला हितं चिंचोळी एमआयडीसीत, पॅकिंगला. तुमच्या लांडग्याबद्दल बोलायचंय.”

मी खुर्चीत नीट बसले.

“तुमचा लांडगा वेशीबाहेरचा मेंढरांचा कळप सोडून सरळ काठीवाल्यावर येतोय. खरा लांडगा काठीवाल्याला टाळतो की. त्यो लंगडं मेंढरू हेरतो, मागनं येतो, वारं बघून येतो. आन् तुमचं कुत्रं नुसतं बसून असतंय. कुत्र्याला कायतरी काम द्या.” पुढं बोलणार होते, पण मिनिट संपलं. लगेच दुसरं आलं. “ऱ्हायलं की. कुत्र्याच्या गळ्यात काट्याचा पट्टा घाला.”

मी तक्त्यात लिहिलं: लांडगा, वागणूक, सूचना. तीन शब्द. साठ सेकंदांचे तीन शब्द करण्यात माझा हात कुणी धरत नाही.

मग रोज यायला लागले. कधी ढाल. “ढाल घेतली की पळता येत न्हाय, आन् पळता न्हाय आलं की मरतोय. मग ढाल घ्यायची कशाला, पापड वाळवायला?” कधी दुकानदार. “सहाशेला तलवार इकतो आन् तीच परत न्हेली तर चाळीस देतो. सांगोल्याच्या बाजारात असला व्यापारी एक बाजार टिकायचा न्हाय.” बोलता बोलता घरचंही यायचं. बाप मेंढरं राखायचा. ह्यांच्यापर्यंत येता येता कळप सरला. बायको केराबाई गावी शेळ्या बघते, हे जुन्या पुणे नाक्याजवळ एका खोलीत राहतात. वय सेहेचाळीस. सकाळी सातची पाळी, कारखान्याच्या बसनं जाणं-येणं, आणि जेवणाच्या सुट्टीत खेळ. तीनशे कोल्हे त्यांनी खरोखरच मारले, एक पैसा न भरता. मेंढरं राखलेल्या माणसाला वाट बघायचं काय वाटतंय.

त्यातल्या बऱ्याच गोष्टी बरोबर होत्या. लांडगा तर पुण्याच्या पोरांनी बदललासुद्धा. आता तो मागून येतो आणि अशक्ताला धरतो. बाकीच्या खेळाडूंनी त्यावर बोंबाबोंब केली, पण बिरदेवांचा एकट्यांचा निरोप आला: “आता लांडगा लांडग्यासारखा वाटतोय. ज्यानं केलं त्याला मेंढरांची म्हायती हाय.” हे तुमच्याच बोलण्यावरून केलंय, असं त्यांना कुणी कळवलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मला वाटलं होतं कळवावं. मी नाही कळवलं.

आता माझी करामत ऐका.

दर शुक्रवारी मला संशयित खात्यांची एक यादी येते. नावं नसतात, नुसते आकडे. त्या शुक्रवारी आठ होती. पाचव्याबद्दल लिहिलं होतं की ह्या एका खात्यातून अकरा खात्यांना एकेक तलवार गेली, आणि दर रविवारी त्या अकराही खात्यांतून निम्मे होन ह्याच्याकडे येतात. अकराही जण एकाच ठिकाणाहून, दुपारी एक ते दीडच्या मध्ये खेळतात. असलं दिसलं की ती टोळी समजायची. एकच माणूस डझनभर खोटी खाती चालवतो आणि माल जमवून बाहेर विकतो, असे प्रकार सर्रास होतात. मी ‘बनावट’वर बोट ठेवलं आणि सहाव्याकडे गेले. चहा निवायच्या आत आठही उरकली होती. मोठं खातं बंद झालं. अकरा खाती चालू राहिली, पण त्यांच्या झोळीतल्या तलवारी आणि साठवलेले होन खेळानं काढून घेतले.

दहा दिवस बिरदेवांचा निरोप नाही. कंटाळले असतील म्हटलं. खरं सांगायचं तर मला चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

सोमवारी ‘केराबाई’ नावाच्या नव्या खात्यातून निरोप आला. आवाज तोच.

“नमस्कार. मी बिरदेव. हा बायकोचा फोन हाय, काल गावी जाऊन आनला. माझं खातं बंद झालंय. का झालं ते ठाव न्हाय, झाली असंल कायतर चूक. पन अकरा मानसांच्या तलवारी गेल्या, त्यांचं होन बी गेलं. आमच्या बसमधलीच मानसं. त्यांना वाटतंय मीच वढून घेतलं. मी त्या तलवारी अर्धलीनं दिल्या हुत्या, म्हंजे”

मिनिट संपलं. दुसरा निरोप.

“अर्धली म्हंजे शेळी मी द्यायची, राखायची दुसऱ्यानं. करडं व्हतील त्यातली निम्मी त्याची, निम्मी माझी. त्याची सोताची शेळी झाली की माझी मला परत. वेशीपलीकडं दरोडेखोर मारून माझ्याकडं अकरा तलवारी जादा झाल्या. दुकानदार चाळीस देतोय. शेळी काय करडाच्या भावात द्यायची? हितं नवी मानसं काठी घिऊन रोज मरत्यात. म्हनून दिल्या. ह्यात काय चुकलं ते सांगा. मी दुपारी तीनला सुटतो, गेटसमोर चन्नप्पाच्या टपरीवर असतो.”

मी यादी पुन्हा उघडली. पाचवं खातं. तीन महिने ज्या माणसाचा एकेक शब्द ऐकला, त्याला मी टोळीवाला ठरवून मोकळी झाले होते.

लगेच माझ्या साहेबांना, उदयसिंहांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण नियमातून हलत नाही. म्हणाले, “सृष्टी, उसनं देणं म्हणजे व्यवहारच. नियमात बसत नाही. आणि त्याच्यामुळे अकरा जणांना तलवार विकत घ्यायची गरज उरली नाही, हे पण बघ ना.”

“सर, ती अकरा माणसं खरी आहेत.”

“असतील. खातं महिन्याभरानं तपासून उघडू. तलवारी परत नाही. आणि कारण लेखी द्यायचं नाही, ते आपण कुणालाच देत नाही.”

मी फोन ठेवला आणि जे तोंडात आलं ते भिंतीला बोलले. आई आतून म्हणाली, “कुणाला गं?” मी म्हटलं, “मलाच.”

खेळणाऱ्याला जाऊन भेटायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. बुधवारी तो मोडून मी स्कूटर काढली आणि चिंचोळी गाठली. (नंतर साहेबांना मीच हे कळवलं. ते काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नोकरी अजून आहे.)

तीन वाजता पाळी सुटली. माणसं गेटमधून बाहेर आली आणि घोळक्यानं समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढली. एकच माणूस टपरीकडे आला. मला वाटलं होतं भरदार कुणीतरी असेल, इतका आवाज ठाम. हा तर बारका, काटक माणूस, खांद्यावर टॉवेल, हातात रिकामा डबा. चन्नप्पाला म्हणाला, “एक कट.” मी ओळखलं.

“मामा, मी सृष्टी. तुम्ही खेळात बोलता ते ऐकणारी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चन्नप्पाकडे. “दोन कर.”

चहा हातात आल्यावर मी सगळं सांगितलं. यादी, आकडे, पाचवं खातं, माझं बोट. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात बोलले.

ते म्हणाले, “म्हंजे तुमी नुसता आकडाच बघितला.”

“हो.”

“आमी मेंढरं मोजताना बी तोंड बघतो, ताई.”

रागानं बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं, नाहीतर उलट बोलून मोकळी झाले असते. ते रागानं बोलले नाहीत. मी मान खाली घालून चहाच्या ग्लासात बघत राहिले.

“महिन्याभरात खातं उघडेल मामा, मी मागे लागते.”

“खातं ऱ्हाऊ द्या. कोल्हं मारायला मला कटाळा न्हाय.” त्यांनी बसकडे मान वळवली. “ही मानसं बारा दिस बोलली न्हाईत माझ्याशी. सात वर्सं एका गाडीत बसतोय. डब्यातलं एकमेकाला दिल्याबिगर जेवलो न्हाय.”

“तुम्ही सांगितलं नाही त्यांना?”

“काय सांगू? अर्धलीत शेळी मेली तर राखनाऱ्यानं तिचा कान आनून दाखवायचा असतोय. इकली न्हाय, खाल्ली न्हाय, मेली, हे कळाय पायजे. कान न्हाय दाखवला तर त्या मानसाला परत कुनी शेळी देत न्हाय. शेळी जाऊ दे, सोयरीक देत न्हाईत. आजपतुर मी लोकांकडं कान मागितला. आता मला दाखवायचाय आन् माझ्याकडं न्हाय.” ग्लास त्यांनी फळीवर ठेवला. “तुमच्या कंपनीकडं हाय. एक चिट्ठी द्या, की तलवारी तुमी न्हेल्या. बास.”

“कंपनी लिहून देत नाही मामा.”

“मंग तुमी सांगा.”

“मी?”

“तुमीच न्हेल्यात की.”

बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी उठले. तोंडाळ म्हणून माझी गल्लीत ख्याती आहे, पण त्या बसच्या पायऱ्या चढताना मी पहिलं वाक्य दोनदा मनात म्हणून बघितलं. आत तीसेक माणसं. कारखान्याचे निळे शर्ट, घामाचा वास, अर्ध्यांच्या हातात मोबाइल. बिरदेव माझ्या मागे पायरीवरच थांबले.

“ऐका जरा,” मी म्हटलं. कुणी मान वर केली नाही. पुन्हा म्हटलं. “मी ‘सात वेशी’च्या कंपनीत काम करते. तुमच्यातल्या अकरा जणांच्या तलवारी गेल्या. त्या बिरदेवमामांनी नेल्या नाहीत. मी काढल्या. मला वाटलं तुम्ही अकराही जण खोटे आहात, एकाच माणसाची टोळी आहे. न विचारता काढल्या. मामांचं स्वतःचं खातं बी मीच बंद केलं.”

मग पुढच्या बाकावरची एक बाई हलली. झाडलोटीच्या कामावरच्या दगडाबाई, पन्नाशीच्या; नाव मला नंतर कळलं. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, “माझं पाचशे नव्वद होन हुतं. अजून पाच कोल्हं मारलं असतं की माझी मला तलवार झाली असती.”

“ते बी मीच काढले, मावशी.”

“दीड म्हैना लागला हुता मला.”

“हो.”

“परत दे मग.”

“मला देता येत नाहीत.”

दगडाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथंच रडू यायला लागलं. मी ते दाबलं नाही. मागून कुणीतरी कंपनीला एक सणसणीत शिवी दिली. मी ऐकून घेतली.

मग खिडकीजवळचा शिवप्पा, माल चढवणारा धिप्पाड गडी, मला सोडून दाराकडे बघत बोलला. “बिरदेव. एवढं हुतं तर सांगायचं न्हाय व्हय? सांगितलं असतंस तर मानलं असतं की आमी.”

बिरदेव पायरीवरून वर आले. टॉवेल खांद्यावरून काढून त्यांनी हातात घेतला.

“न्हाय मानलं असतं,” ते म्हणाले.

शिवप्पानं दगडाबाईंकडे बघितलं, त्यांनी खाली बघितलं. अख्ख्या बसमध्ये एकानंही म्हटलं नाही, की नाही रे बिरदेवा, मानलं असतं.