पुनवेला पाच दिवस होते

जना निघाला तेव्हा नवापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. नव्वद सालचा मे संपत आला होता. जाळी धुऊन, वाळवून माळ्यावर गेली होती, होड्यांवर माडाच्या पातींची झापं घालायचं काम चाललं होतं, आणि जना, माझा धाकटा भाऊ, नवी कोरी पँट घालून होडीला टेकून उभा होता. पँटला डांबर लागलं. आय त्याच्यावर खेकसली, "जाताना तरी नीट ऱ्हा रे." त्याची बायको सुमन चार महिन्यांची पोटुशी होती, ती ओट्यावरून खाली उतरलीच नाही. मी मधे उभा, सुटीवर आलेला कुवेतवाला, मनगटावर सोनेरी घड्याळ. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मला ते आवडत होतं. व्हिसा मी आणला होता, तिकीट मी काढलं होतं. जनाला मी नेलं, दर्शना. तू ज्या बापाला कधी पाहिलं नाहीस त्याला त्या घरातून मी नेलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगायला मला पस्तीस वर्षं लागली.

रविवारी तू बोईसरला माझ्या खोलीवर आलीस. पेढे आणलेस. कुवेतच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणालीस, आणि मग रडवेली होऊन म्हणालीस, "आई बोलत नाय माज्याशी. काका, तुमी एक शब्द सांगा तिला." मी पेढा तोंडात टाकला. मग तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "काका, येवढा पैशेवाला देश एका दिवसात पडला कसा?" मी म्हणालो, चहा निवतोय, पी. उत्तर मला येत नव्हतं असं नाही. मी तिथे होतो, कुवेती फौजेच्या छावणीत भात शिजवत होतो. पण ते उत्तर दिलं असतं तर त्याच्या पाठोपाठ दुसरंही द्यावं लागलं असतं. म्हणून आता लिहितो. लिहिताना निदान तुझा चेहरा समोर नाही.

आधी देशाचं सांगतो. आपला पालघर तालुका, डहाणू, तलासरी वगैरे डोळ्यांसमोर आण. त्याच्या सात-आठ पट, पण देश म्हणून लहानच. सगळा सपाट. डोंगर नाही, नदी नाही, रान नाही. उत्तरेच्या हद्दीपासून शहरापर्यंत सरळ रुंद डांबरी रस्ता, आमचा पाण्याचा टँकर त्यावरून दोन तासांत यायचा. रणगाडाही काही अडल्याशिवाय येणार होता. मागे सरकून लढायला जागाच नव्हती. मागे शहर आणि शहरामागे समुद्र. उत्तरेला इराक. आठ वर्षं दुसऱ्या शेजाऱ्याशी लढून नुकताच मोकळा झालेला, लाखोंची फौज उभी, आणि खिसा फाटलेला. त्या लढाईत कुवेतने त्याला पैसा पुरवला होता. म्हणून कुवेतची समजूत अशी, की हा आपल्या अंगावर येणार नाही. ओरडेल, मागेल, थोडं घेईल आणि जाईल.

छावणीत अबू सालेम नावाचा जमादार होता, तो मला शिधा काढून द्यायचा. पोटाने सुटलेला, मनाने साधा. मी सुकटीची चटणी केली की नाक दाबायचा आणि मग खुबूस, म्हणजे तिथली रोटी, घेऊन तीच खायला बसायचा. जुलैत रेडिओवर रोज सरहद्दीच्या बातम्या येत होत्या. मी त्याला विचारायचो, काय होईल? तो हात झटकायचा. "मा फी मुश्किला." काही अडचण नाही. हे दोन-तीन शब्द तिथे दिवसातून शंभर वेळा ऐकू येतात. तूही महिन्याभरात बोलायला लागशील. बोलणी चालू आहेत, भाऊबंद आहेत, मा फी मुश्किला. आधी फौजेला तयार राहायला सांगितलं होतं, मग शेजाऱ्याला राग येऊ नये म्हणून तेही सैल केलं, असं तो सांगायचा. उन्हाळा असा की दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी निघावी. ज्याला मिळाली तो सुटीवर गेला. माझा भात निम्म्यावर आला होता, यावरूनच मला कळत होतं.

आपल्याकडे श्रावणाच्या आधी कोणी येऊन म्हणालं असतं, चला, आत्ताच्या आत्ता होड्या पाण्यात घाला, तर काय झालं असतं? जाळी माळ्यावर, होड्या झापांखाली, निम्मी माणसं सासुरवाडीला. कोली काही भित्रा नसतो. पण त्याची होडी वाळूवर असते. ती फौज तशी वाळूवर होती, आणि हे समोरच्याला पुरतं ठाऊक होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला, गुरुवारी पहाटे ते आले. रस्त्याने रणगाडे, वरून हेलिकॉप्टर, आणि शहराच्या बाजूला समुद्रातूनही माणसं उतरली. आमच्या छावणीत जे होते ते लढले, हे सांगायलाच हवं. लोक नंतर म्हणाले की कुवेती पळाले. अबू सालेमला मी चपलांवरच, हातात बंदूक घेऊन फौजेच्या गाडीकडे धावताना पाहिलं, बूट शोधायलाही थांबला नाही. तो परत आला नाही. पण वरून हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. राजा हद्द ओलांडून गेल्याचं दुपारपर्यंत सगळीकडे झालं. मोठी फौज, सपाट रस्ता, निम्मे सुटीवर, आणि ज्याने त्याने दुसऱ्याला सांगितलेलं की काही होत नाही. देश असा पडला. आम्हा स्वयंपाक्यांना इराक्यांनी बाजूला काढलं आणि चुलीपाशीच उभं केलं. दोन दिवस मी त्याच पातेल्यांत तोच भात त्यांच्यासाठी शिजवला.

आता तुझ्या बापाचं.

जनाला मी मच्छीमार लाँचवर लावलं होतं. निघताना आयने त्याच्याकडून शब्द घेतला होता, "नारळी पुनवेआधी दर्यात पाय टाकू नको." तिथे आपल्यासारखा पावसाळा नाही, ऑगस्टात समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असतो. पण जनाने तो शब्द तिथेही पाळला. मालक हसला आणि त्याला पुनवेपर्यंत धक्क्यावर जाळी सांधायला बसवलं. लाँच चालवणारा कानजी म्हणून वलसाडकडचा टंडेल होता, तो जनाला चिडवायचा, तुझा नारळ विमानाने येणार का म्हणून. जना हसून पुन्हा सुई चालवायचा.

बुधवारी संध्याकाळी छावणीच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. मी तांदूळ धूत होतो, तसाच ओल्या हाताने गेलो. जना होता. म्हणाला, "दादा, कानजी लाँच खाली सौदीच्या बाजूला न्हेतो. मालकानं बायकापोरं चढवलीत. हद्दीवरना आलेला ट्रकवाला सांगतो, पलीकडं रणगाडे रांगेनं उभे हायत. कानजी मलापन चल म्हणतो. जाव का?"

दर्शना, मी त्याला म्हणालो, "पुनव सोमवारी हाय. आयला शब्द दिलायस ना? पाच दिवस थांब. काय नाय होत."

मग म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर ऱ्हातो."

एवढंच. तांदळावरचं पाणी ओतायचं राहिलं होतं म्हणून मी घाईने फोन ठेवला.

आणखी एक सांगतो, ते कोणालाच सांगितलेलं नाही. आयच्या शब्दाचं मला तेवढं पडलेलं नव्हतं. मी स्वतः आठ वर्षांत तिथे कुठलीच पुनव पाळली नव्हती. मी आणलेला माणूस दोन महिन्यांत भिऊन पळाला, असं गावात झालं असतं, तर माझ्या घड्याळाकडे कोणी बघितलं नसतं. ते मला नको होतं. आयचा शब्द मी नुसता पुढे केला. आणि जना असा की त्याच्यापुढे आयचा शब्द ठेवला की त्याचं बोलणंच खुंटायचं, हे मला माहीत होतं.

छावणीतून सोडल्यावर मी चालत धक्क्यावर गेलो. जाळ्यांची शेड अर्धी जळाली होती. चहाच्या टपरीवरचा मल्याळी म्हणाला, धक्क्यावरची तरुण पोरं ओझी उतरवायला म्हणून ट्रकात घालून नेली. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. एका शाळेत मायदेशी न्यायच्या आपल्या लोकांच्या याद्या करत होते, तिथे मी रोज जाऊन जनाचं नाव लिहायचो. यादी लिहिणारा कंटाळून म्हणाला, "चाचा, ये नाम पहले से है." मी म्हणालो, फिर से लिखो. मग बसने बसरा, बगदाद, जॉर्डनच्या वाळवंटातले तंबू. प्रत्येक तंबूत डोकं घालून मी जनार्दन, जनार्दन म्हणून हाका मारल्या. दोन जनार्दन भेटले, एक तेलुगू आणि एक केरळचा. तो केरळचा मला धरून रडला, त्याचाही भाऊ मागे राहिला होता.

मुंबईत विमान उतरलं. नवापूरला पोचलो तेव्हा आय बोंबील वाळत घालत होती. माझ्या मागे बघितलं, आणखी मागे रस्त्याकडे बघितलं. "येकलाच आलास?"

मी म्हणालो, "सगळे फोन बंद होते आय. त्याला निरोपच पोचवता आला नाय." गुरुवारनंतर फोन खरंच बंद होते, त्यामुळे ते खोटं मला अगदी सहज बोलता आलं. तुझी आई दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. तिनेही ऐकलं.

तुझं बारसं झालं त्या आठवड्यात मी बोईसरला निघून आलो. लोकांना सांगितलं, कारखान्याच्या कँटीनमध्ये जागा आहे. होतीच. नवापूर ते बोईसर, रिक्षाने अर्धा तास. कुवेतहून मी दर दोन वर्षांनी घरी यायचो. बोईसरहून वर्षात एकदा येणंही जिवावर यायचं. बिहारची, युपीची पोरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली. "चाचा, चावल और है क्या?" मी वाढायचो. जनाच्या वयाचा कोणी असला की दोनदा वाढायचो. शिफ्टच्या बसगाड्या आल्या-गेल्या, कारखान्यांचा वास नाकात बसला तो उठेना. मंगळवारी तुझी आई सुकी मासळी घेऊन बाजारात बसायची, आणि मी मंगळवारी त्या रस्त्याला जायचं टाळायचो. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर वय गेलं म्हणायचो.

बारा वर्षं झाली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी आयला सांगितलं, आता जनाचा दर्भाचा पुतळा करून अग्नी दे, सुमनला तरी मोकळं कर. मला बोलावून घेतलं होतं, थोरला म्हणून. आय म्हणाली, "माज्या पोरानं मला शब्द दिलाय. तो दर्यात गेलाच नसंल. मंग बुडंल कसा? तो जमिनीवर हाय, कुटंतरी हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. दर्यात गेला असता तरच तो वाचला असता, त्याला मीच जमिनीवर अडवला आणि तिथूनच त्याला नेला, हे त्या वेळी बोललो असतो तर तुझी आई तेव्हाच सुटली असती. आय गेली ती वाट बघतच गेली, आणि तुझ्या आईच्या गळ्यात मंगळसूत्र आजही आहे, ते माझ्यामुळे आहे.

कानजी टंडेल मला एकदा पालघर स्टेशनवर भेटला. म्हातारा झालेला. त्याने मला ओळखलं आणि हात हातात घेतला. "हमारा लाँच तो सुबह पहुँच गया था, भाई. सब बच गए. जनार्दन को मैंने कितना बोला. बोला, भाई ने मना किया है." मी त्याला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, गाडीत बसवून दिलं आणि बाकावर तसाच बसून राहिलो. माझ्या दोन गाड्या गेल्या.

लोक विचारतात, काका, तुमचं गाव कुठलं? मी बोईसर सांगतो. घर म्हणजे आता मला ती एकच जागा वाटते, जिथे जाऊन खरं सांगायचं आहे आणि जिथे ते सांगितल्यावर बसायला कोणी सांगणार नाही. उद्या सकाळी मी नवापूरला येतोय. तुझ्या आईला मीच सांगेन. तू तिला आधी काही बोलू नकोस आणि माझ्या बाजूने तर मुळीच बोलू नकोस. तिने घरात घेतलं नाही तर बाहेर रस्त्यावर उभा राहून सांगेन, शेजारपाजार ऐकेना का.

तू जा म्हणू की जाऊ नको म्हणू, ते मला विचारू नकोस. जायचं असेल तर जा, तुझी नोकरी तू मिळवली आहेस. फक्त तिथे असताना कधी आतून वाटलं की निघायला हवं, आसपासची चार माणसं निघताना दिसली, तर मला फोन करू नकोस. आईला करू नकोस, कोणालाही करू नकोस, माझे बाय. ऊठ आणि निघ.