दाबून बघू नका!

विश्रांतवाडीत सुखदेवरावांचं पोट दाबून न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि उजव्या ओटीपोटात एक गाठ हाताला लागू लागली. आल्यागेल्याला हे कौतुकाने सांगणार, "दाबून बघा की!" बेंबी सरकली म्हणून शेजारच्या वेणूबाईंनी तेल लावून पोट चोळलं. गल्लीतल्या डॉक्टरने गॅस ठरवला. शेवटी लेक आम्रपाली हिंजवडीच्या कंपनीत रजा टाकून त्यांना ओढतच शनिवार पेठेत सर्जनबाईंकडे घेऊन गेली.

स्कॅन पाहून बाई म्हणाल्या, "अपेंडिक्समध्ये चिकट द्रव साठून ते फुगलंय. क्वचितच दिसतं असं. अख्खं काढायला हवं. फुटलं, तर तो चिकटा पोटभर पसरेल, मग आमच्याही हातात फारसं राहणार नाही. तोवर कुणी दाबायचं नाही."

"समजलं," सुखदेवराव म्हणाले.

कसलं समजलं! घरी पोचतात तो वेणूबाई तेलाची वाटी घेऊन दारात, आणि हे शर्ट वर करून आडवे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना फोनवरून काहीही पटवणाऱ्या आम्रपालीने बापापुढे हात टेकले होते. ती किंचाळलीच, "बाबा, पोटात जिवंत बॉम्ब आहे असं समजा! कारखान्यात असे दाबून बघायचात का?"

सुखदेवराव अलगद उठून बसले. शर्टाची बटणं लावली. "वेणूबाई, मागं सरका."

मग दुसराच ताप सुरू झाला. दवाखान्यात जाताना खड्ड्याखड्ड्याला रिक्षावाल्याचा उद्धार. ऑपरेशनला आत नेताना सर्जनबाईंनाच सूचना, "दोन्ही हातांनी उचला. घाई नको." आम्रपालीने कपाळाला हात लावला.

बाहेर तिच्या येरझारा चालू होत्या. आई, चंद्रभागाबाई, बाकावर स्वस्थ बसून होती. त्या स्वस्थपणाचाही तिला राग आला.

"तुला भीती कशी वाटत नाही गं?"

"रोज सकाळी डबा भरून त्यांच्या हातात द्यायचे, तेव्हा वाटायची," आई फटकन म्हणाली. "तेव्हा विचारलंस कधी?"

आम्रपाली गुमान शेजारी बसली.

गाठ अख्खी निघाली. थोड्या वेळाने सुखदेवरावांनी डोळे किलकिले केले. जीभ जड होती.

"फुटलं नाही ना?"

"नाही बाबा."

"कुणाला लागलं नाही ना?"

आम्रपालीने आईकडे पाहिलं. चंद्रभागाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि इतक्या वर्षांचं एकदाच रडून घेतलं.