समच्या टेकड्यांपलीकडे

जैसलमेरला माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. गाव पूर्णगड. जन्मापासून समुद्राची गाज ऐकत वाढलेला माणूस. तिथे पहिले काही दिवस कान रिकामे वाटायचे.

युनिटमध्ये आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला आणखी एकच जण होता. नाईक हुद्द्यावरचा युसूफ, दाभोळचा. त्याचे दोघे भाऊ आखातात. हा एकटाच फौजेत आला. आठवडाभर आम्ही सगळ्यांशी हिंदीत बोलायचो. रविवारी आउटपास मिळाला की दोघे बाहेर पडायचो आणि संध्याकाळपर्यंत फक्त आपल्या बोलीत बोलायचो.

लोक किल्ला पाहून परत जातात. आम्ही आसपासचं सगळं पाहिलं. गडीसर तलाव, बडा बागेतल्या राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्या, लोदुर्व्याचं जैन मंदिर. कुलधरा नावाचं ओस गाव आहे. सगळी वस्ती एकदम उठून गेली, असं तिथले लोक सांगतात. छप्पर नसलेल्या घरांमधून फिरताना युसूफ म्हणाला, "आपल्याकडं निदान कुलूप तरी लावतात रे. गणपतीला, ईदला कोणतरी येऊन उघडतो."

समला वाळूच्या टेकड्या. उंट, जीपगाड्या, फोटो काढणारी माणसं. आम्ही लांब जाऊन बसायचो.

जूनमध्ये पर्यटक तुरळक असतात. त्या जूनमध्ये एक वयस्कर जोडपं भाड्याच्या जीपने समच्या पुढे गेलं. गर्दी नसलेली वाळू पाहायची होती. दुपारनंतर वादळ उठलं. जीप परतली नाही. पोलिसांनी युनिटकडे मदत मागितली. पहाटे आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. कमांड माझ्याकडे होती.

अकराच्या सुमारास जीप सापडली. चाकं वाळूत रुतलेली. नवरा-बायको आत होते, शुद्धीवर होते. बाई म्हणाल्या, "ड्रायव्हर उजाडताच मदत आणायला गेला. पाणी आमच्यासाठी ठेवून गेला."

पुढची वाळू मऊ होती. आमचीही एक गाडी रुतली, दुसरी तिला ओढून काढायला लागली. युसूफने पावलांच्या खुणा पाहिल्या.

"मी जातो. वारा सुटला तर ह्या पुसतील."

"एक जवान घे. वायरलेस सेट चालू ठेव."

"बरं."

बराच वेळ सेटवर नुसती खरखर होती. मग त्याचा आवाज आला, "आदमी मिल गया. ज़िंदा है. ओवर."

"वहीं रुको. गाड़ी निकाल रहे हैं. ओवर."

"रुकेंगे तो नहीं बचेगा. उठाकर ला रहे हैं. आउट."

ड्रायव्हर धिप्पाड माणूस होता. दोघांनी त्याला आळीपाळीने पाठीवर घेतलं. सोबतचा जवान अर्ध्या वाटेत थकला. शेवटचा चढ युसूफ एकटा त्याला घेऊन चढला. आपलं पाणी त्याने ड्रायव्हरला पाजलं होतं. त्याला सावलीत ठेवून तो माझ्याशेजारी बसला.

"बसू दे रे जरा," म्हणाला.

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्याच्या हातून ती पडली. अंग तापलेलं, घाम अजिबात नाही. आमच्यासोबतच्या नर्सिंग असिस्टंटने कपडे सैल केले, ओली फडकी ठेवली, सलाइन लावलं. मी गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि सारखा आपल्या बोलीत बोलत राहिलो. एमआय रूमला, आमच्या छावणीतल्या दवाखान्यात, पोहोचण्याआधी तो गेला.

मृतदेहासोबत सुभेदारसाहेब दाभोळला गेले. त्याच्या मृत्यूची चौकशी लागली होती, मला जाता आलं नाही. पुढच्या रविवारी मी आउटपास घेतला नाही. त्यानंतरही नाही.

काही आठवड्यांनी तो ड्रायव्हर गेटवर आला. तिकडे साहेबाला हुकुम म्हणतात. "हुकुम, जो मुझे उठाकर लाए, उनसे मिलना है." त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो तिथेच उन्हात खाली बसला. मग त्याने नाव विचारलं आणि दोनदा स्वतःशी म्हटलं.

सुट्टी मिळाल्यावर मी आधी दाभोळला गेलो. युसूफची आई ओट्यावर सुकटं निवडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने मला बसवलं, पाणी दिलं. मग ती पुन्हा सुकटं निवडायला बसली.

निवडता निवडता तिने विचारलं, "ज्याला उचलून आणला, तो माणूस?"

"वाचला, चाची. चालत युसूफला भेटायला आला होता."

"पोरंबाळं हायत त्याला?"

"तीन मुली आहेत."

तिने पदराने डोळे पुसले. "मग बरा केला माझ्या युसूफनं," ती म्हणाली आणि मला जेवायला वाढायला उठली.