जेठांच्या पाठीमागे शिकलेली लाठी

लाठीचं वेड आमच्या घरात आणलं ते माझ्या सासूने. आम्ही तिला माय म्हणायचो. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळेनासं झालं होतं. माय नंदुरबारला एका लग्नाला गेली आणि तिथे मिरवणुकीत तिने परकरी पोरींना लाठी फिरवताना पाहिलं. घरी आली, पायांवर पाणी घेतलं आणि ओसरीवर बसलेल्या थोरल्या मुलाला म्हणाली, "त्या पोरी लाठी फिरावतस, मंग मन्ह्या सुना काय लुल्या शेतस?"

हा थोरला मुलगा म्हणजे माझे जेठ. सारंगखेड्याच्या जत्रेत कुस्त्या मारलेले, आणि लाठीत तर आसपासच्या गावांत त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. शिकवणार तर तेच. पण धाकट्या सुनेने जेठांना तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, असा रिवाज. लग्नाला दीड वर्ष होऊनही मी त्यांना ओळखायची ती पावलांच्या आवाजावरून. नाकापर्यंत पदर ओढून लाठी फिरवली असती, तर पहिला वार माझ्याच कपाळावर बसला असता.

तोड त्यांनीच काढली. सकाळी खळ्यात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि समोरच्या कुडाला सांगावं तसं म्हणाले, "मी करसू तसं करा. मी मांगे देखत नही."

मग आम्ही पदर कमरेला खोचले. डावीकडे जाऊबाई, उजवीकडे माय, मध्ये मी. माय फक्त राखण करायला आली होती, पण पहिल्याच दिवशी तिने काष्टा आवळला आणि रांगेत उभी राहिली. पन्नाशी उलटलेल्या आईला नको म्हणायची छाती जेठांना नव्हती. शिवाय त्यांना ती दिसतही नव्हती.

लाठी लगेच हातात आली नाही. आधी बैठका, मग जोर, मग पुन्हा बैठका. दळण, पाणी, कपाशीची वेचणी करून आपलं अंग तयारच आहे, असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी कळलं की मांड्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तशात शेजारी डोहाळजेवण निघालं. माय पाटावर बसली ती बसलीच. तिला हात द्यायला मी वाकले आणि माझे गुडघे विरघळल्यासारखे होऊन मीही तिच्या शेजारी बसले. आम्हाला उठवायला जाऊबाई आली, पण तिला इतकं हसू फुटलं की ती भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरली. एक म्हातारी घाबरून लिंबू उतरवायला निघाली. माय तिला शांतपणे म्हणाली, "काही नही व्हयनं. आम्ही पहिलवानी करी ऱ्हायनूत."

मग एकदाच्या लाठ्या आल्या. सातपुड्यातले बांबू, तेल पाजून गुळगुळीत केलेले. जेठ पाठमोरेच शिकवायचे आणि चुका कानाने पकडायचे. लाठी नीट फिरली की भुंग्यासारखी घुमते. माझी नुसती फडफडायची. ते कुडाला सांगायचे, "मधली लाठी रडी ऱ्हायनी. मनगट ढिलं सोडा."

एका सकाळी मनगट कसं कोण जाणे सुटलं आणि माझी लाठी घुमली. त्या आवाजाने मला नशाच चढली. दिवसभर हाती लागेल ते मी फिरवत सुटले, तुराटी, रवी, लाटणं. माझे यजमान नवापूरला नोकरीला होते आणि रविवारी घरी यायचे. त्या रविवारी ते स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबले. म्हणाले, "आधी लाटणं खाली ठेव, मग आत येतो."

उन्हाळा सरत आला तेव्हा शिरमार सुरू झाला. शिरमार म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरचा वार. घामाने तळवे ओले झालेले. मी जोरात लाठी उगारली आणि ती हातातून निसटली. गरगरत गेली, जेठांची टोपी उडवली आणि कडब्याच्या गंजीत जाऊन रुतली.

जेठ गर्रकन वळले.

मी त्यांना प्रथमच समोरासमोर पाहिलं. कुस्तीत चुरगाळलेले कान, पांढरी होऊ लागलेली मिशी, आणि नाक थेट माझ्या यजमानांचं. मी पदर ओढू लागले, तर तो कमरेला इतका घट्ट खोचलेला की निघेना.

मागून माय म्हणाली, "आते काय झाकस? आत्तेच तं त्यान्हं डोकं फोडाले निंघनी व्हती."

जाऊबाईने तोंडात पदर कोंबला. जेठांनी डोक्यावरून हात फिरवून पाहिला आणि ते हसू लागले. हसता हसता चक्क मातीत बसले. आता गप्प राहणं मला जमेना. "लागलं का?" मी विचारलं. त्यांच्याशी मी बोललेले ते पहिले शब्द.

"नही लागनं," ते डोळे पुसत म्हणाले. "पन वार पुढून कर, बेटा. मांगून करशी तं लोक माले हसतीन."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, माझी लाठी गंजीतून उपसून हातात दिली आणि स्वतःची आडवी धरून समोर उभे राहिले. मी शिरमार केला. लाठीवर लाठी आदळली आणि झिणझिण्या तळव्यातून थेट खांद्यापर्यंत गेल्या. मला पुन्हा हवं होतं, लगेच. पण मायने मला कोपराने बाजूला सारलं.

"सरक," ती म्हणाली, "आते मन्ही पाळी."